पापणी दिसली पाहिजे

कुठलाही फोटो काढण्याआधी काका "पापणी दिसली पाहिजे" म्हणत आणि मागे मागे चालू लागत.

फोटो काढणारी माणसं साधारणपणे पुढे येतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. 'जरा जवळ या, जरा आत सरका' म्हणत ती स्वतःही दोन पावलं पुढे सरकतात. काकांचं सगळं उलट. गळ्यात कॅमेरा, डावा तळहात आपल्याकडे करून 'तिथेच थांबा' अशी खूण, आणि मग मागे, अजून मागे. आमच्या ड्राइव्हवेवर फोटो काढायचा ठरला की काका रस्ता ओलांडून पलीकडच्या लॉनवर पोचत. एकदा तिथल्या मेलबॉक्सला त्यांची पाठ धडकली. मागे न बघताच ते त्याला 'सॉरी' म्हणाले आणि तिथूनच आम्हाला ओरडून सांगितलं, "हसायला मी सांगितलेलं नाही." एवढ्या लांबून काढलेल्या त्या फोटोत माझ्या पापणीचे केस मोजता येतात.

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या मराठी मंडळात त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. पापणीकाका एवढं पुरे व्हायचं. गणपतीच्या आरतीचे फोटो ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला, बाथरूमच्या दाराशी उभं राहून काढत. मंडळाच्या अध्यक्षांना ते पटत नसे. तुम्ही उद्या पार्किंग लॉटमधून काढाल, असं ते एकदा चिडून म्हणाले. काकांनी मनावर घेतलं नाही. पुढे सगळ्यांना आपापले फोटो मेलवर आले, तेव्हा अध्यक्षांच्या बायकोने कळवलं की लग्न झाल्यापासून यांचा इतका शांत चेहरा मी पहिल्यांदाच बघते आहे.

"जवळ गेलं की माणूस तोंड सावरतो," काका म्हणायचे. "लांब गेलं की विसरतो. मग जे असतं ते दिसतं."

काका मूळचे सांगलीचे. इथे येऊन त्यांनी आयुष्यभर टर्बाइनच्या बेअरिंगमध्ये केसाएवढा फरक कुठे राहिलाय ते शोधलं, आणि रिटायर झाल्यावर तीच नजर पक्ष्यांवर वळवली. ते आमच्या समोर, कोपऱ्यावरच्या घरात राहायचे. मी एका औषध कंपनीचा डेटा तपासत दिवसभर घरात खिडकीशी बसलेली असते. त्यांचं गॅरेज आणि मागचा लाकडी ओटा, म्हणजे डेक, दोन्ही त्या खिडकीच्या टप्प्यात येतात. त्यामुळे काका किती वाजता काय करतात याचा माझ्याइतका अभ्यास काकूंचाही नसेल.

त्यांची लेन्स पांढरी, तान्ह्या बाळाएवढी, आणि तितक्याच काळजीने उचलली जाणारी. आम्ही तिला तोफ म्हणायचो. असली तोफ घेऊन झुडपामागे बसलेला म्हातारा कुणा शेजाऱ्याला दिसला आणि त्याने पोलिसांना फोन केला तर काय, अशी मला धास्ती वाटे. काकांनी त्यावर आधीच उपाय काढून ठेवला होता. प्रत्येक घरी जाऊन ते त्या घराच्या बागेतल्या पक्ष्याचा फोटो आणि काकूंच्या हातचा चिवडा देऊन आले होते. पुढे पुढे शेजारीच त्यांना मेसेज करायचे, आमच्या मागच्या झाडावर घुबड आलंय, लवकर या.

त्या लेन्सबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय काका पुरे होत नाहीत. लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सचा फोकस फार पातळ असतो. पक्ष्याचा डोळा स्पष्ट आला तर चोच धूसर होते, चोच आली तर डोळा जातो. फोकस कॅमेरा आपोआप करतो, हे खरं. पण लेन्स कधी नेमक्या जागेच्या किंचित पुढे बघते, कधी किंचित मागे. ती किती चुकते हे शोधून काकांच्या कॅमेऱ्यात तेवढा आकडा भरून ठेवता येई. बहुतेकांना अशी सोय असते हेसुद्धा ठाऊक नसतं. काकांनी त्या सोयीसाठी घराची प्रयोगशाळा केली होती.

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर त्यांनी मराठी कॅलेंडर टांगलं होतं. त्यांची मुलगी जर्सी सिटीत राहते. तिच्याकडे गेलं की काकू आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून ते घेऊन येत, आणि त्यांना ते अर्थातच स्वयंपाकघरात हवं असे. पण तिथीखालच्या अक्षरांइतकी बारीक छपाई अख्ख्या अमेरिकेत मिळत नाही, असं काकांचं म्हणणं. गाडी बाहेर काढायची, ड्राइव्हवेच्या टोकाला ट्रायपॉड उभा करायचा आणि तिथून संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ वाचायची. वाचता आली की लेन्स पास. काकूंचा उपास असे. त्या बाहेर येऊन चंद्रोदय कधी म्हणून विचारत, आणि काका कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून अगदी खात्रीने वेळ सांगत. ती वेळ मुंबईची. काकू मान डोलावून आत जात आणि फोनवर कॅरीची बघत.

दुसरी परीक्षा डेकवर व्हायची. कठड्यावर स्टीलचे डबे ओळीने मांडायचे, बाजूने तिरका नेम धरून मधल्या डब्याचा फोटो काढायचा, आणि मधलाच स्पष्ट आलाय ना ते बघायचं. अलीकडचा आला तर लेन्स पुढे बघते, पलीकडचा आला तर मागे. फोडणीच्या वेळी मोहरी सापडली नाही की काकू आधी डेकवर जात.

मलाही त्यांनी शिकवायला घेतलं होतं. मी फोनवर फोटो काढून समाधानी असणारी बाई, माझ्या डोक्यात फार काही शिरलं नाही. एक गोष्ट मात्र राहिली. धूसर फोटो दोन जातींचे असतात, असं त्यांनी सांगितलं होतं. "डोळ्यात उजेडाचा ठिपका असतो ना, तो बघायचा. फोकस चुकला तर ठिपक्याचा गोळा होतो. माणूस हलला तर ठिपक्याची रेघ होते. गोळा झाला तर लेन्सला बोल लाव. रेघ झाली तर ती बिचारी निर्दोष आहे."

पक्ष्यांखेरीज त्यांचा एक रोजचा फोटो ठरलेला होता. डेकवर तुळशीची कुंडी होती. थंडीत ती आत जाई, एरवी बाहेर. संध्याकाळी काकू तिच्यापाशी दिवा लावून हात जोडत, आणि काका अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंपणाला टेकून त्यांचा फोटो काढत. दिवेलागणीला उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागे. पण कॅमेरा ट्रायपॉडवर आणि काकू डोळे उघडे ठेवून दिव्यासमोर स्तब्ध, त्यामुळे वर्षानुवर्षं पापणी नेमकी येत होती. असे किती फोटो असतील देव जाणे. मी एकदा काकूंना विचारलं की रोज तोच फोटो काढून यांना कंटाळा येत नाही का. काकू म्हणाल्या, "रोज तीच आमटी खाताना येतो का?"

एका उन्हाळ्यात या फोटोत पापणी दिसेनाशी झाली.

काकांनी कॅलेंडर वाचून पाहिलं, डबे मांडून पाहिले. आकडा थोडा वाढवला, थोडा कमी केला. पक्षी उत्तम येत होते. काकू येत नव्हत्या. शेवटी त्यांनी लेन्स खोक्यात घालून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवली. काही आठवड्यांनी ती निर्दोष म्हणून परत आली. काकांनी त्या सर्व्हिसवाल्याला फोन लावला, तेव्हा मी तिथेच होते. "यंग मॅन, युअर स्पेसिफिकेशन इज नॉट माय स्पेसिफिकेशन," असं त्यांनी त्याला सुनावलं आणि लेन्स पुन्हा पाठवायची तयारी सुरू केली. मुलगी जर्सी सिटीहून "बाबा, जस्ट बाय अ न्यू वन" म्हणून मोकळी झाली.

मला गप्प बसवेना. काका, या निळ्या पक्ष्याच्या डोळ्यात मला तुमचं अख्खं गॅरेज दिसतंय आणि तुम्ही म्हणता लेन्स बिघडली, असं मी त्यांना म्हटलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, हेही वर ऐकवलं. एरवी अशा टोमण्याला ते दुप्पट टोमणा मारत. त्या दिवशी नुसतेच खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले.

लेन्स दुसऱ्यांदा गेली तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. मी काकूंकडे करंज्या करायला गेले. काका बाहेर पक्ष्यांच्या फीडरमध्ये दाणे घालत होते. गेले काही महिने काकू बोलताना हनुवटी तळहातावर टेकवून बसतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला ती नवी लकब वाटली होती. सारण संपल्यावर त्या चहा गाळायला उठल्या, हात हनुवटीखालून निघाला, आणि त्यांची मान हलताना दिसली. अगदी थोडी, आडवी. मला वाटलं, त्या कशाला तरी नको म्हणताहेत.

"दिसलं ना तुला?" काकू म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांना कंपवात होता. शेवटी शेवटी त्यांना कपसुद्धा उचलता येत नसे, आणि कपातलं सांडलं की ते लहान मुलासारखे रडत. आपलंही तेच सुरू झालंय, याबद्दल काकूंच्या मनात शंका नव्हती. डॉक्टरकडे जायचं नव्हतं, कारण एकदा त्याने नाव सांगितलं की ते घरात राहायला येतं. मी रागावले. इथे उत्तम डॉक्टर आहेत, औषधं आहेत, मी स्वतः औषध कंपनीत आहे, वगैरे सगळं बोलून झालं. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"यांना काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "लेन्स दुरुस्त होतेय तोवर मी बरी आहे."

मी शब्द दिला. तो पोटात ठेवणं मला किती जड गेलं असेल, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

दिवाळी झाली आणि लेन्स परत आली, पुन्हा निर्दोष. शनिवारी दुपारी काकांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. तिथल्या कॉम्प्युटरवर त्यांनी आदल्या संध्याकाळचा काकूंचा फोटो उघडला आणि मोठा करत नेला. आधी चेहरा, मग डोळा, मग डोळ्यातला दिव्याचा ठिपका. ठिपका नव्हताच. बारीक, आडवी, सोनेरी रेघ होती.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. तुम्हीच शिकवलंय, एवढंच कसंबसं म्हटलं.

"रेघ आहे," काका म्हणाले. "पहिल्या दिवसापासून रेघच आहे. महिन्यागणिक वाढतेय."

मग दोनदा ती लेन्स का पाठवलीत, मी विचारलं. काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"अगं, लेन्स दुरुस्तीला पाठवता येते."

मी त्यांना कळशाची म्हण ऐकवली होती. कळसा काखेत आहे हे त्यांना माझ्या कितीतरी आधी ठाऊक होतं. त्यांना वळसाच हवा होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. दोघं एका घरात राहतात, दोघांना सगळं माहीत आहे, आणि दोघं मिळून एका निर्दोष लेन्सला दवाखान्यात पाठवताहेत. काकूंना दिलेला शब्द मी तिथल्या तिथे मोडला आणि अजून मला त्याचं काही वाटत नाही. त्यांना माहीत आहे, त्या घाबरल्या आहेत, सोमवारी फोन करून अपॉइंटमेंट घ्या, असं मी काकांना सांगितलं. काकांनी तो फोटो पुन्हा लहान केला. मग म्हणाले, "बरं." आणि कॉम्प्युटर बंद केला.

त्या संध्याकाळी मी खिडकीतून बघत होते, हे कबूल करते. दिवा लागला. पण आज तुळशीपाशी काका उभे होते आणि कुंपणाजवळ, कॅमेऱ्यामागे, काकू. आधी काकांनी त्यांना तिथे नेऊन काहीतरी बराच वेळ समजावलं होतं, वायरला जोडलेलं बटण हातात दिलं होतं. मग स्वतः चालत येऊन दिव्याशेजारी उभे राहिले. माझ्या खिडकीपासून ते चांगलेच लांब होते. मला ते नेहमीसारखेच ताठ दिसले. काही मिनिटांनी दोघं आत गेले, आणि मी निर्धास्त होऊन स्वयंपाकाला लागले.

डॉक्टरकडे गेल्यावर कंपवात निघाला नाही. त्याच्याच चुलत घराण्यातला, पण स्वभावाने पुष्कळ बरा असा एक कंप निघाला. मान हलत राहील, हातही थोडा हलेल, गोळीने कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी त्या दिवशी शिरा केला आणि वाटी द्यायला स्वतः रस्ता ओलांडून आल्या. वाटी हातात थोडी हलत होती. शब्द मोडल्याबद्दल त्या मला एक अक्षर बोलल्या नाहीत. शिऱ्यात बेदाणे मात्र नेहमीपेक्षा जास्त होते.

लेन्स पुन्हा कुठे गेली नाही. संध्याकाळचा फोटो चालू राहिला, आणि काकूंच्या डोळ्यात कधी ठिपका यायचा, कधी रेघ. पापणी नसलेला फोटो पूर्वी काका बघून झाला की पुसून टाकत. आता रेघेचे फोटोही ते ठेवू लागले. मी विचारलं तर म्हणाले, ती हलते, मग फोटोत हललीच पाहिजे. मंडळातल्या बाकीच्यांना ही सवलत नव्हती. आम्हाला अजून तळहात दाखवून दटावलं जायचं.

या मार्चमध्ये काका गेले. सकाळी फीडरमध्ये दाणे घालायला म्हणून बाहेर आले, डेकच्या पायरीवर टेकले, आणि तिथेच. मी खिडकीत होते. मला वाटलं, पक्ष्याची वाट बघत बसले आहेत.

मुलगी जर्सी सिटीहून आली. मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं ठरलं, तिथे ठेवायला काकांचा एक फोटो हवा होता. कॉम्प्युटरवर हजारो फोटो. त्यात पक्षी, आरत्या, आमची लग्नं-मुंजी, आणि काकू, काकू, काकू. लोकांच्या फोनमधून जे मिळाले त्या सगळ्यांत काकांचं तोंड कॅमेऱ्यामागे. "इन एव्हरी सिंगल वन ही हॅज अ कॅमेरा फॉर अ फेस," असं म्हणून ती पोर कॉम्प्युटरसमोरच रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार?

काकू मागे खुर्चीत बसल्या होत्या. मान हलत होती, आणि हल्ली त्या हनुवटीला हात लावत नसत.

"एक आहे," त्या म्हणाल्या. "मी काढलेला."

दिवाळीनंतरच्या त्या संध्याकाळी काकू काकांना म्हणाल्या होत्या, आज मी नाही उभी राहणार समोर. त्यावर काकांनी सांगितलं, मग तू तिकडे जा, मी इथे उभा राहतो. बटण आधी अर्धं दाबायचं, कॅमेरा फोकस करेल, मग पूर्ण. तुझा हात हलला तरी कॅमेरा हलणार नाही. फोकसचा चौकोन तेवढा माझ्या डोळ्यावर ठेव. काकूंनी सगळं सांगितल्याबरहुकूम केलं होतं.

तो फोटो सापडला. तुळशीशेजारी काका ताठ उभे, डावा तळहात सवयीने पुढे, 'तिथेच थांब'. काही भाव नाही, हसू नाही. हसायला कुणी सांगितलेलं नव्हतं. हा चालेल, असं मुलगी म्हणाली. माझा हात मात्र काकांच्या वळणाने फोटो मोठा करत गेला. चेहरा, मग डोळा. दिव्याचा ठिपका गोल आणि नेमका आला होता. पापणीचे पांढरे केस एकेक करून मोजता येत होते. खालच्या पापणीचे केस ओले होऊन एकमेकांना चिकटले होते.

आम्ही तिघीही बघत राहिलो. काकूंनी पुढे होऊन पडद्यावर त्या डोळ्याखाली हळूच बोट ठेवलं. बोट हलत होतं.

"हाच लावा," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटलं असेल, एवढ्या लांबून मला काय कळणार."